चहावरच्या सायीचं कापड: वाढवणं सोपं, वाळवणं अवघड

चहा, साखर आणि बॅक्टेरिया एवढ्यावर कापड तयार होतं. पण त्याची कृती सांगणारे बहुतेक जण चहावर धरणारी जाड साय (तीच वाळून कापड होते) कशी वाढवायची ते पानभर सांगतात आणि शेवटी ‘उन्हात वाळवा’ एवढं म्हणून मोकळे होतात. नाशिकच्या उन्हात हे ऐकाल तर तीन आठवड्यांचं काम एका दुपारी मातीत जाईल.

आधी वाढवणं उरकून घेऊ. १० लिटर पाण्याचा कोरा चहा, त्यात १ किलो साखर. हाताला गार लागला की १ लिटर व्हिनेगर आणि कोंबुचाचं, म्हणजे बॅक्टेरिया आणि यीस्टने आंबवलेल्या गोड चहाचं, विरजण त्याच्या आंबट पाण्यासकट घाला. टब पसरट आणि प्लॅस्टिकचा हवा. ॲल्युमिनियम किंवा पितळ अजिबात नको, आम्ल ते खातं. हे बॅक्टेरिया हवेच्या कडेला, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर सेल्युलोज विणतात, तीच ही साय. कापसात असतं तेच सेल्युलोज, फक्त तंतू कितीतरी बारीक. व्हिनेगरवर येणारी साय म्हणजे सेल्युलोज आहे, हे ए. जे. ब्राऊन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्येच दाखवून दिलं. त्याचे कपडे होऊ शकतात हे सुझान ली या डिझायनरने जगासमोर आणलं.

२५ ते ३० अंश तापमान त्यांना मानवतं. आपल्याकडे दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. निफाडकडून गारठा यायला लागला की टबाभोवती गोधडी गुंडाळा. टब हलवू नका. हलवला की साय बुडते, वर दुसरी धरते आणि वाळल्यावर दोन्ही थर सुटे होतात. द्राक्षांच्या हंगामात चिलटं फार, म्हणून वर विरळ मलमल नको, घट्ट विणीचं सुती कापड बांधा. सायीखाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे, ते चालतात. वरच्या अंगाला हिरवी-काळी लव दिसली तर मात्र सगळं फेकायचं. ‘तेवढा भाग काढून टाकू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दीड-दोन सेंटिमीटर जाडी आली की साय काढा, साबणाने धुवा, मग साध्या पाण्यात वास जाईपर्यंत रोज पाणी बदला.

आता वाळवण. हातात घेतलेल्या ओल्या सायीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दोन सेंटिमीटर जाडीची साय वाळून पोस्टकार्डाएवढी पातळ होते. एवढं पाणी सगळीकडून सारखं जायला हवं, आणि कडा नेमक्या आधी वाळतात. माझी पहिली साय मी एप्रिलमध्ये गच्चीवर पत्र्यावर पसरली. दुपारी दोनला जाऊन पाहिलं तर कडा पापडासारख्या वर वळलेल्या, मध्ये अजून लिबलिबीत. संध्याकाळी उचलायला गेले तर कडेपासून मधोमध चीर गेली. दुसरी जुलैमध्ये प्लॅस्टिकवर, घरात. वरून छान वाटली. उलटली तर खालून बुळबुळीत, आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. ओलं खालूनही निघायला वाट हवी, हे तेव्हा कळलं.

म्हणून कच्च्या लाकडाची फळी घ्या. पॉलिश नको, सनमायका नको. मी आंब्याच्या लाकडाची वापरते. सागाचा डाग लागतो. आदल्या रात्री साय लिटरभर पाण्यात ५० मिलिलिटर ग्लिसरीन घालून भिजवा. हे टाळलंत तर कापड कागदासारखं कडकडीत होतं. प्रमाण वाढवलंत तर पावसाळ्यात हाताला चिकटतं. सकाळी फळीवर पसरून हातानेच हवा बाहेर काढा, कारण खाली राहिलेला बुडबुडा पुढे भोक होतो. मग सावलीत, वारा येईल अशा खोलीत ठेवा. पंखा चालेल, पण अंगावर सोडू नका. कडांवर चार बोटं रुंद ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवा आणि पहिले दोन दिवस त्या ओल्या ठेवत राहा. दिवसातून दोनदा साय उलटा. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढा.

वाळलं का, हे बोटाने कळत नाही. गालाला लावा: गार लागलं तर आत पाणी आहे. गार लागेनासं झालं की दोन सुती कापडांमध्ये घालून वर पोळपाट आणि दोन विटा ठेवा, रात्रभर. इस्त्री कधीही फिरवू नका.

जोड द्यायचा असेल तर ओल्या सायी दोन बोटं एकावर एक ठेवून वाळवा, त्या शिवणीशिवाय एकजीव होतात. एरवी साधं मशीन चालतं, टाका मात्र मोठा घ्या; बारीक टाक्याने कापड तिकिटासारखं फाटतं.

आणि चामड्याला पर्याय म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हे कापड पाणी ओढतं आणि फुगतं. पाकीट, वहीचं कव्हर, दिव्याची शेड, कानातलं एवढ्यासाठी उत्तम. मेण चोळलंत तर दोन थेंब सहन करेल, श्रावणातली सर नाही.

साबणाने धुवायच्या आधी ओल्या सायीचा तळहाताएवढा तुकडा आणि टबातलं वाटीभर पाणी बरणीत काढून ठेवा, पुढच्या टबाचं विरजण तेच.