होडीचा अर्ज दोनदा परत आला, तेव्हा

मी गोव्यातल्या डिचोलीचा, आपदा मित्राचे (आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकाचे) प्रशिक्षण घेतलेला. जुलै २०२१ मध्ये म्हादईचे पाणी सत्तरीतल्या घरांत शिरले, तेव्हापासून आमच्या भागातल्या अग्निशामक जवानांसाठी रबरी होडी मिळवायचे डोक्यात होते. अग्निशमन आधुनिकीकरणाची केंद्र सरकारची ५,००० कोटींची योजना २०२३ मध्ये आली होती, पण तिथे प्रस्ताव राज्य सरकारने पाठवायचा होता, आमच्या अग्निशामक केंद्राने नव्हे. म्हणून एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी गाठला. अर्ज दोनदा परत! एक पान, त्यातले अर्धे 'कृपादृष्टी असावी' यातच संपलेले.

तिसऱ्यांदा लिहिताना आधी कंपनी कायदा २०१३ चे सातवे परिशिष्ट, म्हणजे सीएसआर निधी कोणत्या कामांना देता येतो त्याची यादी, उघडले. आपत्ती व्यवस्थापन त्यात २०१९ पासून आहे. तो मुद्दा पहिल्याच ओळीत घातला. खरी चूक वेगळीच होती. आम्ही नुसती होडी मागत होतो. आउटबोर्ड इंजिन, लाइफ जॅकेट, फेकायची दोरी, ट्रेलर, वाहत्या पाण्यातला सराव, दरवर्षीची देखभाल, कशाचाच हिशेब नव्हता. आणि होडी नावावर कोणाच्या? देणाऱ्याला हेच आधी विचारायचे असते. अग्निशमन खात्याकडून 'वस्तू स्वीकारू, साठा नोंदवहीत घेऊ' असे पत्र आणले (त्यालाच दीड महिना गेला) आणि तीन दरपत्रके जोडली.

मंजुरी आली. ट्रेलर तेवढा कापला. होडी सध्या ओळखीच्या टेम्पोतून जाते.