लोकल रखडली? आधी कारण ओळखा, मग वाट बदला

मुंबईत लोकल थांबली की इंडिकेटरवरच्या मिनिटांवर विसंबू नका. बिघाड कसला आणि कुठे, एवढं कळलं की थांबायचं की वाट बदलायची हे ठरवता येतं. उद्घोषणेत बऱ्याचदा नुसतं 'तांत्रिक कारणामुळे' ऐकू येतं. नेमकी जागा एम-इंडिकेटर या ॲपवर प्रवासीच आधी सांगून टाकतात.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती ओव्हरहेड वायर. तिच्यात 25,000 व्होल्टचा दाब असतो. वायर तुटली किंवा पेंटोग्राफ (गाडीच्या टपावरचा, वायरमधून वीज घेणारा सांगाडा) तिच्यात अडकला, की आधी त्या भागाची वीज तोडायची, वायर अर्थ करायची (जमिनीशी जोडायची), टॉवर वॅगन म्हणजे वायर दुरुस्तीची गाडी आणायची आणि मग दुरुस्तीला हात घालायचा. त्या वॅगनलाही रखडलेल्या गाड्यांतूनच पुढे यावं लागतं. डब्यातले पंखे काही सेकंद बंद पडून पुन्हा फिरू लागले तर तो न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वायरचा वीज नसलेला छोटा तुकडा, काळजी नको. पाच-दहा मिनिटं बंदच राहिले आणि शेजारच्या मार्गावरही सामसूम असेल, तर बिघाड मोठा समजा. फलाटावर असाल तर लगेच निघा. दोन स्थानकांच्या मध्ये असाल तर मात्र उडी मारू नका. सगळे मार्ग बंद असतीलच असं नाही, आणि शेजारून येणारी गाडी गर्दीच्या कोलाहलात ऐकू येत नाही.

सिग्नलचा बिघाड एवढा भयंकर नसतो. रुळांतून कमी दाबाचा प्रवाह सोडलेला असतो. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले गेले की तो रिलेपर्यंत (सिग्नल बदलणाऱ्या विजेच्या स्विचपर्यंत) पोचत नाही आणि मागचा सिग्नल लाल होतो. रुळांमधला इन्सुलेटेड जॉइंट (प्रवाह पुढच्या तुकड्यात जाऊ न देणारा सांधा) बिघडला तरी यंत्रणेला पुढे गाडी उभी आहे असंच वाटतं. ऑटोमॅटिक सिग्नल (खांबावर 'ए' अक्षर असतं) लाल असेल तर मोटरमन दिवसा एक आणि रात्री दोन मिनिटं थांबून अगदी सावकाश पुढे जाऊ शकतो. म्हणून गाडी थांबली, रांगत निघाली आणि थोड्या अंतरावर तिने वेग घेतला, तर बसून राहा. उशीर होईल, पण पोचाल. कुर्ला, कल्याणसारख्या ठिकाणी पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सरकता सांधा) अडकला तर जास्त वेळ लागतो, कारण तो जागेवर जाऊन हाताने बसवून कुलूपबंद करावा लागतो.

थंडीच्या पहाटे रूळ आकसतो आणि तडा जातो. तात्पुरती जोडपट्टी बसली की गाड्या तिथून कमी वेगाने सोडतात, त्यामुळे दुरुस्ती झाली तरी वेळापत्रक बराच वेळ विस्कटलेलंच राहतं. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे मेल-एक्स्प्रेस किंवा मालगाडीचं इंजिन बंद पडलं तर मागच्या लोकलला बगल द्यायला जागाच नसते.

पावसाळ्यात नुसता पाऊस पाहू नका, भरतीचं वेळापत्रकही पाहा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात उतरत नाही. मग शीव–कुर्ला, मशीद, चुनाभट्टी हे सखल भाग आधी बुडतात. अशा दिवशी घरी निघायचं असेल तर भरतीच्या बऱ्याच आधी निघा.

रविवारचा मेगाब्लॉक आधीच जाहीर होतो. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवल्या असतील तर पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरा. हार्बर बंद असताना प्रवाशांना त्याच तिकिटावर मेन लाइनने जाऊ देतात का, तेही त्याच सूचनेत वाचा.

आता वाटा. सीएसएमटीकडे जाताना घाटकोपरच्या पुढे मध्य रेल्वे अडकली असेल तर तिथूनच मेट्रो 1 पकडा. मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो 3 ने थेट सीएसएमटी किंवा चर्चगेट गाठता येतं. चर्चगेटकडे पश्चिम रेल्वेनेच जायचं असेल तर मेट्रो 1 नेच अंधेरीपर्यंत जा. ठाण्याच्या पुढे गाड्या थांबल्या असतील तर ट्रान्स-हार्बरने वाशी, मग हार्बर. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वे पुलांनी जोडलेल्या आहेत, पण मोठा गोंधळ झाला की सगळे तिथेच लोटतात, म्हणून जमलं तर आधीच्या स्थानकावरच मार्ग बदला. रेल्वेचा पास मेट्रोत चालत नाही, त्यामुळे मेट्रोच्या कार्डात पैसे भरून ठेवा. अशा दिवशी मेट्रोच्या तिकीट खिडकीवरही तेवढीच रांग लागते.