राज्यशास्त्राची पदवी, आठ कर्जं आणि पहिला पगार

हप्ते सुरू व्हायला महिना उरला तेव्हा मी कर्जाच्या साइटवर पहिल्यांदा नीट लॉग-इन केलं. तोवर माझ्या डोक्यात एकच आकडा होता, २७,००० डॉलर. स्क्रीनवर ओळी दिसल्या आठ. अमेरिकेत पदवीच्या प्रत्येक वर्षाचं सरकारी कर्ज वेगळं असतं आणि त्यातही दोन तुकडे पडतात. 'सबसिडाइज्ड' भागाचं व्याज तुम्ही शिकत असेपर्यंत सरकार भरतं. 'अनसबसिडाइज्ड'चं मीटर पैसे कॉलेजच्या खात्यात पडले की सुरू. दर दरवर्षी नवा, मे महिन्यातल्या सरकारी रोख्यांच्या लिलावावरून ठरणारा, आणि त्या वर्षीच्या कर्जाला शेवटपर्यंत तोच. माझे चार दर होते ४.५३, २.७५, ३.७३ आणि ४.९९ टक्के. चार वर्षं राज्यशास्त्र शिकले, सरकार पैसा कुठून उभा करतं यावर परीक्षाही दिली, पण आपल्याला लागलेलं व्याज त्याच लिलावातून आलंय हे त्या रात्री कळलं.

आधी एक खुलासा. आमच्याकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणून मला हे कर्ज मिळालं. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना ते मिळत नाही. त्यांचं गणित खासगी कर्जाचं, दरही वेगळे आणि सवलती जवळजवळ नाहीतच. इथे राहणाऱ्या ज्यांच्या घरी कोणी "मला पोलिटिकल सायन्स घ्यायचंय" म्हणून बसलंय, त्यांच्यासाठी मी लिहितेय.

मी ते वाक्य घरी म्हटलं तेव्हा बाबा चिडले नाहीत. लॅपटॉप उघडला आणि सरकारी कामगार आकडेवारीच्या पानावर 'पॉलिटिकल सायंटिस्ट' शोधलं. पगार सहा आकडी! (२०२३चा मध्यक १,३२,३५० डॉलर आहे, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त मिळतात.) बाबा खूश, आई खूश, मी तर काय विचारूच नका. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की या कामाला बहुतेक वेळा किमान मास्टर्स लागतं, देशभरात अशा जागाच मोजक्या हजारांत आहेत आणि त्यातल्या बऱ्याच केंद्र सरकारात. तेवढं खाली कोणी वाचलं नाही. केंद्राच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, आणि आमच्याकडे तेव्हा ते नव्हतं. ज्या आकड्यावर घर खूश झालं, त्या रांगेत मला उभंही राहता येणार नव्हतं.

इंजिनिअरिंग केलेला बहुधा इंजिनिअर होतो. राज्यशास्त्र केलेला मात्र राज्यशास्त्रज्ञ क्वचितच होतो. माझ्या वर्गातले कोण वकिलीला गेले, कोण प्रचारात, कोण विमा कंपनीत, एकजण शाळेत शिकवतो. पदवीला एक पगार नसतोच, फाटे असतात. म्हणून "या डिग्रीला किती मिळतात" हे विचारू नका. "या कॉलेजातून हीच डिग्री घेतलेल्यांना सुरुवातीच्या वर्षांत किती मिळतात" हे विचारा. त्यासाठी शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' आहे. फुकट आहे, आणि कॉलेज व विषय अशी जोडी निवडून कमाई आणि कर्ज दोन्ही दिसतं. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यात केंद्राची मदत घेतलेलेच विद्यार्थी मोजले जातात. आणि कर्जाचा जो मुख्य आकडा दिसतो, त्यात खासगी कर्ज नसतं, आईवडिलांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं 'पॅरेंट प्लस'ही नसतं. कर्ज कमी दिसलं म्हणजे घर कमी बुडालं असं नाही.

हे मला कळलं ते एका पत्रावरून. राजधानीजवळच्या एका खासगी विद्यापीठाने प्रवेश दिला आणि सोबत 'आर्थिक मदती'चं पत्र पाठवलं. वर स्कॉलरशिप, खाली बाकीची 'मदत', आणि सगळ्यांची मिळून एक घसघशीत बेरीज. आईने लाल पेन घेतलं आणि जे परत द्यावं किंवा कमवावं लागतं त्या प्रत्येक ओळीवर काट मारली. माझं कर्ज गेलं, कॅम्पसवर काम करून मिळवायचे पैसे गेले (ती कसली मदत, तो पगार!), शेवटी पॅरेंट प्लस गेलं. निम्म्याहून जास्त पत्र लाल झालं. मी दोन दिवस बोलले नाही. मग राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेले.

तिथेही पूर्ण सरकारी मर्यादेइतकं कर्ज घेतलंच. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे वर्षाला ७,५०० डॉलर मिळतात. चार वर्षांचे झाले २७,०००. या मर्यादेला लोक शिव्या देतात, मला ती कुंपणासारखी वाटते. या विषयाच्या सुरुवातीच्या पगारात जेवढं झेपतं, साधारण तेवढ्यापाशीच ती अडवते. खरा गाळ कुंपणाबाहेर आहे, खासगी कर्जात आणि पॅरेंट प्लसमध्ये.

या विषयात एक छुपा खर्च असतो, इंटर्नशिपचा. नोकरी ओळखीवर आणि अनुभवावर मिळते, आणि अनुभव बराच काळ फुकटात राबूनच मिळायचा. आता जरा बरं आहे. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, इंटर्नच्या मानधनासाठी २०१८ मध्ये पैसे मंजूर केले, व्हाइट हाउसने २०२२ च्या शरद सत्रापासून द्यायला सुरुवात केली. तरी राज्य पातळीवर आणि प्रचारात अजून "अनुभव मिळेल" हाच पगार असतो. मी एक उन्हाळा असा घालवला आणि भाड्यासाठी क्रेडिट कार्ड वापरलं. माझ्या सगळ्या शिक्षणातलं सर्वात महाग कर्ज तेच, आणि ते कुठल्याच स्कोअरकार्डात नाही.

२०२३ मध्ये पदवी घेतली आणि राज्य विधिमंडळातल्या एका सदस्याच्या ऑफिसात लागले. पगार वर्षाला ४१,०००. काम म्हणजे फोन उचलणे. बेकारी भत्ता अडकलाय, रस्त्यावर खड्डा आहे, लायसन्स आलं नाही. हातात महिन्याला पावणेतीन हजार यायचे, त्यातला हप्ता २७४. टोचायचा, पण जगता यायचं. माझं नशीबही जोरावर होतं. साथीमुळे मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत सरकारी कर्जांवर व्याजच लागलं नाही.

तुम्हाला ते मिळणार नाही. २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के आहे. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जांचे नियम बदलताहेत. ठरावीक हप्त्यांची मुदत आजवर साधारणपणे दहा वर्षं होती, आता ती रकमेवरून ठरेल. २५,००० पर्यंत दहा वर्षं, त्यापुढे ५०,००० पर्यंत पंधरा. मी मांडून पाहिलं. २७,००० डॉलर ६.३९ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे ३०५ आणि व्याज ९,६००. पंधरा वर्षांत हप्ता २३४ वर येतो, व्याज १५,००० वर जातं. हलका हप्ता पाहून भुलू नका. मुदतीआधी फेडायला दंड नाही, तेव्हा जमेल तसं जास्त भरा. किंवा दोन हजार कमीच घ्या.

आईवडिलांच्या पॅरेंट प्लसवरही त्याच तारखेपासून मर्यादा येतेय, एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. माझ्या मते ही मर्यादा फार उशिरा आली.

"सरकारी नोकरीत दहा वर्षांनी कर्ज माफ होतं" हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. योजना खरी आहे, २००७ ची, १२० हप्ते भरल्यावर उरलेलं माफ. पण दहा वर्षांच्या ठरावीक हप्त्यांवर राहिलात तर १२० हप्त्यांनंतर उरतं काय? शून्य! माफी कामाची ती उत्पन्नावर आधारित हप्ते घेणाऱ्याला, आणि त्यातही मोठं कर्ज असणाऱ्याला. माझ्या आकड्यावर ती जवळजवळ निरुपयोगी.

मोठं कर्ज म्हणजे बहुतेकदा लॉ स्कूल. आमच्यातले कितीतरी जण तिकडे "पदवीचं पुढे बघू" म्हणून जातात. नव्या वकिलांच्या पगाराच्या आलेखाला दोन उंचवटे असतात, एक मोठ्या फर्मचा आणि एक बाकी सगळ्यांचा, मध्ये दरी. सरासरी त्या दरीत पडते, जिथे फारसं कोणी नसतंच. कर्ज काढायचं तर ते डावीकडच्या, म्हणजे कमी पगाराच्या, उंचवट्यावर फेडता येईल का हे आधी बघा. मी अर्ज भरला होता, मग पाठवला नाही. अजून पूर्ण ठरलेलं नाही.

सध्या आठातल्या पाच ओळी उरल्यात. जास्त भरते तेव्हा ते पैसे ४.९९ च्या ओळीवर टाका असं हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला लिहून कळवावं लागतं, नाहीतर ती पुढचा हप्ता आगाऊ भरला असं धरते. पहिल्यांदा माझे दोनशे डॉलर असेच गेले. २.७५ च्या दोन ओळी मी मुद्दाम शेवटी ठेवल्यात. बचत खात्यावर त्याहून जास्त व्याज मिळतंय.