लढाईत गेलेल्या आजोबांचं नाव कसं शोधायचं

आमचे अण्णा रांगते होते तेव्हा आजोबा इटलीत पडले, १९४३ साली. अण्णांनी पुढे एसटीत कंडक्टरकी केली, आम्हाला शिकवलं. बापाबद्दल विचारलं की मात्र "पलटणीत होते" एवढंच. तुमच्याही घरी असंच असेल, तर पुढचं करून बघा.

आधी पदक शोधा. ते बहुधा देव्हाऱ्यात नाहीतर पत्र्याच्या पेटीत सापडतं. चिंचेने खसाखसा घासू नका! कडेवर किंवा पाठीमागे बारीक अक्षरांत पलटणीतला नंबर, हुद्दा, नाव बऱ्याचदा कोरलेलं असतं. भिंग घेऊन तिरप्या उजेडात वाचा. नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा, फुकट आहे. आडनावावर अडून बसू नका. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलंय, शिंदेचं काहीही झालेलं असतं. पलटण आणि साल टाकून यादी चाळा. काही नोंदींत बापाचं, बायकोचं, गावाचं नाव असतं. ते जुळलं तरच माणूस आपला.

इटलीत दहन झालेल्यांपैकी काहींची नावं सांग्रो नदीजवळच्या स्मारकावरही आहेत. पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाचं (आजच्या इराकचं) वेगळं: बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, साहेबांची कोरली. म्हणून तिथे भिंतीचे फोटो बघण्यात वेळ घालवू नका, कमिशनची नोंदवहीच बघा.

नाव सापडलं की त्याच संकेतस्थळावरून त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र उतरवून मोठ्या अक्षरांत छापा. म्हाताऱ्यांना मोबाईलवर दिसत नाही.