रक्ताच्या नळीतला खालचा थर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मावशीचा रक्ताचा रिपोर्ट आला की मी आधी एकच ओळ शोधायचे: इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत आणि दम्यात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. कधी अकरा टक्के, कधी चौदा. उत्तरायणाच्या आसपास, पतंगांच्या दिवसांत, तिचा दमा हमखास उसळायचा. मग स्टिरॉइडच्या गोळ्या, मग सुजलेला चेहरा, मग गोळ्या कमी करायची घाई आणि पुन्हा धाप. त्या ओळीवर आपण पुढे पोटापाण्याचं काम करू, असं तेव्हा स्वप्नातही आलं नव्हतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून, म्हणजे एमएसयूतून, बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि आता सहा वर्षं अँटिबॉडी औषधांच्या चाचण्या करते आहे. या वाटेला येणारी मुलं मला विचारतात, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अँटिबॉडी म्हणजे एखादं ठरावीक सावज ओळखून धरणारं वाय अक्षरासारखं प्रथिन. बहुतेक जण तिच्या टोकांपासून सुरुवात करतात, म्हणजे ती कशाला चिकटते यापासून. ते शिकायलाच हवं. 2003 साली अमेरिकेत मंजूर झालेलं ओमॅलिझुमॅब रक्तातल्या मोकळ्या आयजीईला, म्हणजे ॲलर्जी घडवणाऱ्या शरीराच्याच अँटिबॉडीला, पकडतं. आयजीईची जी जागा मास्ट पेशीच्या (ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या पेशीच्या) रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवरच्या खाचेत, बसते, नेमकी तीच जागा ते धरतं. म्हणून पेशीवर आधीच बसलेल्या आयजीईला ते हात लावू शकत नाही, आणि तेच बरं आहे. नाही तर औषधानेच पेशी फुटून ॲलर्जीचा झटका आला असता. डुपिलुमॅब हे दुसरं औषध आयएल-4 आणि आयएल-13 या, पेशी एकमेकींना धाडतात त्या, दोन निरोपांचा सामाईक दरवाजा बंद करतं. ही दोन्ही औषधं अडवण्याचं काम करतात.

माझा जीव मात्र अँटिबॉडीच्या शेपटीत अडकला. वाय अक्षराच्या दोन हातांनी सावज धरायचं आणि शेपटीने आपल्याच शरीरातल्या मारेकरी पेशीला बोलवायचं, असं काम बेनरॅलिझुमॅब करतं. त्याला 2017 मध्ये मंजुरी मिळाली. हात इओसिनोफिलवरचा आयएल-5 या निरोपाचा रिसेप्टर धरतात, शेपूट एनके (नॅचरल किलर) या मारेकरी पेशीवरच्या सीडी 16 नावाच्या रिसेप्टरमध्ये अडकते, आणि एनके पेशी त्या इओसिनोफिलला संपवते. यातली कारागिरी एका साखरेत आहे. शेपटीवर साखरेची एक साखळी असते, तिच्यात एरवी फ्यूकोज नावाचा एक दाणा असतो. अँटिबॉडी बनवताना तो दाणा लागूच दिला नाही, की शेपूट सीडी 16 ला कितीतरी घट्ट धरते. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता प्रत्यक्ष काम. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मला रक्तातून पेशी वेगळ्या करायला दिल्या. रक्त निम्मं पातळ करून फिकॉल नावाच्या जड द्रावणावर अलगद चढवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये 400 जी वर (गुरुत्वाच्या चारशेपट जोराने) अर्धा तास फिरवायचं, आणि त्याचा ब्रेक बंद ठेवायचा, नाही तर थांबताना थर विस्कटतात. झाकण उघडलं तर वर पिवळा प्लाझ्मा, मध्ये ढगासारखी पांढरी कडी, तिच्याखाली फिकॉल आणि तळाशी लाल गाळ. पुस्तकात सगळं कौतुक त्या कडीचं. मी कडी नीट उचलली आणि उरलेलं ब्लीचमध्ये ओतून मोकळी झाले. टेक्निशियन काका शेजारीच होते. म्हणाले, "अगं, फेकलंस? तुझे इओसिनोफिल त्यातच होते ना!"

इओसिनोफिल जड असतात, लाल पेशींबरोबर तळाला जातात. रक्तदात्याने सकाळी उपाशीपोटी येऊन दिलेलं 20 मिली रक्त होतं. एका मायक्रोलिटरला 200 इओसिनोफिल धरले तरी चाळीस लाख पेशी मी ब्लीचमध्ये घातल्या होत्या. मला रडू आलं. काकांनी तेव्हा आणखी काही म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी माझ्या हाताशी उभे राहिले.

खालचा थर घेतला की आधी अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडायच्या. उरलेल्यांत न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीच जास्त असतात. त्यांच्यावर सीडी 16 असतं, इओसिनोफिलवर नसतं. म्हणून सीडी 16 ला चिकटणारे चुंबकी मणी घातले की न्यूट्रोफिल चुंबकाला अडकतात आणि इओसिनोफिल खाली उतरतात. मारेकरी एनके मात्र वरच्या कडीत. एकाच माणसाची एकच नळी, कडीत शिकारी, तळाशी शिकार, आणि दोघांना अँटिबॉडीने भेटवायचं. हे हातांनी केल्याशिवाय औषध कळलं असं मी म्हणणार नाही.

प्लेटमध्ये निदान चार खण हवेत: नुसते इओसिनोफिल, त्यात अँटिबॉडी, त्यात एनके, आणि तिन्ही एकत्र. पाचव्या खणात फ्यूकोज असलेली तीच अँटिबॉडी ठेवा. पेशी मेली एवढ्यावर थांबू नका, कशी मेली तेही पाहा. तिच्या कणांमधली प्रथिनं बाहेर सांडली तर फुप्फुसाचं नुकसानच. शिवाय आकडे माणसागणिक बदलतात. एनके पेशीवरच्या सीडी 16 मध्ये 158 व्या जागी कोणाकडे व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, कोणाकडे फेनिलॲलनिन, आणि व्हॅलिनवाल्यांची पकड जास्त घट्ट. हे कळेपर्यंत मी दोन महिने माझ्याच पिपेटला दोष देत बसले होते.

पुढचं पाऊल म्हणजे दोन हातांनी दोन वेगळ्या पेशी धरणाऱ्या अँटिबॉडी. ल्युकेमियासाठी 2014 मध्ये आलेलं ब्लिनाटुमोमॅब एका बाजूने टी पेशी (मारणारी) धरतं, दुसऱ्या बाजूने बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कुळातली). जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी इतर उपचारांना दाद न देणाऱ्या संधिवाताच्या सहा रुग्णांना ते दिलं आणि 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. सहाच रुग्ण, म्हणून हुरळून जायचं नाही, पण ते वाचाच.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. डीबीटीच्या (केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या) मदतीने चालणाऱ्या एमएस्सी बायोटेकसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा. बडोद्यात औषधाचे कारखाने जुने, अलेम्बिक तर 1907 चं, पण इथलं बरंचसं काम रासायनिक गोळ्यांचं. अँटिबॉडीचं काम हवं तर अहमदाबादकडे बघा; झायडस आणि इंटास या कंपन्या तिथे बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधांसारखीच औषधं, बनवतात. घरचे म्हणतील बडोदं सोडू नकोस. माझी आईही म्हणाली होती. तिला मी मावशीचे रिपोर्ट दाखवले.

एमएस्सीच्या पहिल्या उन्हाळ्यात, जिथे माणसाचं ताजं रक्त हाताळतात अशा प्रयोगशाळेत महिनाभर काम मागा. रक्तदात्याची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी आहे ना, हे विचारायला लाजू नका. आणि हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या. दुसरा महिन्याने असतो, तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तिन्ही व्हायचे तर आत्ताच सुरुवात करायला हवी.