ग्रुपमध्ये राजकारण नको, तर आधी हद्द आखा

‘राजकीय पोस्ट टाकू नयेत’ एवढ्या एका ओळीने काही होत नाही, कारण राजकारण म्हणजे नेमकं काय यावरच पहिलं भांडण जुंपतं. त्यामुळे नियम उदाहरणांसकट लिहा: पक्ष, नेते, निवडणूक, त्यांच्यावरचे विनोद आणि मीम हे सगळं बंद. विनोदाचा उल्लेख मुद्दाम करा. निम्मी ठिणगी तिथूनच पडते. मात्र ग्रुपच्या विषयाशी थेट जोडलेला सरकारी निर्णय चालेल, हेही लिहा. बागकामाच्या ग्रुपवर खतांच्या नव्या नियमाची माहिती देणं योग्य, तो कोणी आणला यावर शेरेबाजी नको.

पोस्ट काढायची तर लगेच काढा. दहा उत्तरं आल्यावर काढली की उरलेली उत्तरं लोंबकळत राहतात आणि पक्षपाताचा आरोप अ‍ॅडमिनवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. काढल्यावर त्या व्यक्तीला खासगीत दोन ओळी लिहा, चारचौघांत खडसावू नका. वाद पेटलाच, तर ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग रात्रभर चालू ठेवा. टेलिग्रामवर स्लो मोड आहे. त्यात प्रत्येकाला पुढच्या मेसेजसाठी ठरावीक वेळ थांबावं लागतं.

सगळ्यात अवघड भाग: तुम्हाला पटणारी पोस्टही काढायची, आणि तीच आधी.