प्रसूती कक्षात आपलेच बाळ उचलण्यासाठी घ्यायची काळजी

पहिल्यांदाच बाप झालेल्या माणसाचे चित्त थाऱ्यावर नसते, आणि सारख्याच दुपट्यांत गुंडाळलेली, पापण्या किंचित सुजलेली नवजात बाळे दिसतातही एकमेकांसारखी; त्यामुळे शेजारच्या पाळण्यातले बाळ कौतुकाने उचलण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. म्हणून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याच्या भरीस पडू नये. हात साबणाने धुऊन पाळण्याजवळ जावे आणि बाळाच्या मनगटावरील किंवा घोट्यावरील ओळखपट्टी वाचावी. बाळाचे नाव बहुधा ठरलेले नसल्याने तिच्यावर आईचे नाव असते. केवळ आडनाव पाहून थांबू नये, कारण एकाच कक्षात एकाच आडनावाच्या दोघी असू शकतात. पूर्ण नाव आणि क्रमांक आईच्या हातातील पट्टीशी ताडून पाहावेत. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि पट्टी सैल होऊन निसटू शकते. निसटलेली पट्टी स्वतः बांधू नये. परिचारिकेला लगेच बोलवावे.

चूक झालीच, तर बाळाला घेऊन इकडेतिकडे न फिरता त्याला त्याच पाळण्यात अलगद ठेवावे, त्याच्या आईची मनापासून क्षमा मागावी आणि परिचारिकेला सांगावे. संकोचापोटी हे लपवणे मला अत्यंत गैर वाटते. विशेषतः ते बाळ चुकून दुसऱ्याच आईकडे दूध प्यायले असेल, तर संसर्गाची शक्यता पडताळण्यासाठी डॉक्टरांना दोन्ही मातांची माहिती व गरजेनुसार रक्ततपासणी लागते.